हृदयाची झडप आणि ताप



आपल्या गडचिरोलीकडे ताप आला की प्रथम हिवतापाचा संशय घेतात, आणि तो रास्तच आहे. परंतु लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने ज्याच्या हृदयाची झडप बिघडली आहे, अथवा ज्यास कृत्रिम झडप बसविली आहे, त्याच्या तापाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. हिरड्यांतील जंतू रक्तात शिरून अशा झडपेवर ठाण मांडतात, ती पोखरतात, आणि तेथून सुटलेले कण मेंदूपर्यंत जातात. खर्ऱ्याने हिरड्या सडविणाऱ्या मंडळींनी हे विशेष ध्यानी घ्यावे!

अशा रोग्यास दुकानातून चार गोळ्या आणून देणे मला सर्वांत घातक वाटते. ताप उतरतो, जंतू मरत नाहीत. आणि पुढे रक्त तपासले तरी ते पुष्कळदा सापडत नाहीत. म्हणून हिवतापाची तपासणी करावीच. पण ताप टिकल्यास प्रतिजैविक औषधापूर्वी डॉक्टरांकडून रक्तातील जंतूंची तपासणी करवून घ्यावी. रोग ठरल्यास बहुधा चार ते सहा आठवडे शिरेतून औषध घ्यावे लागते.

दात काढण्यापूर्वी द्यावयाचा औषधाचा डोस अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघाने 2007 साली कृत्रिम झडपेसारख्या अधिक धोक्याच्या रोग्यांपुरता मर्यादित केला. तेव्हा तो सरसकट मागू नये. दंतवैद्यास झडपेची हकीकत मात्र आधी सांगावी. दर तीन-चार आठवड्यांनी घ्यावयाचे पेनिसिलीनचे इंजेक्शन संधिवाताचा ताप उलटू नये म्हणून असते. ते चालू आहे एवढ्यावर दंतवैद्याकडे गप्प बसू नये.