फ्रीजवरचा विंचू
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं सावरून लिहिलं आहे.)



माझं नाव पुकारल्यावर काही जणांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मी इथून पाहिलं. सदतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे मेंटेनन्सची थकबाकी किंवा सिंकिंग फंड, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण आज तो विषय नाही. आज मी खिशातून विंचू काढणार आहे. घाबरू नका, हा दोऱ्याचा आहे. क्रोशाने विणलेला आहे, पोटात लोहचुंबक आहे आणि तो मी स्वतः केला आहे. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी.

हे कसं झालं ते सांगतो. आमच्या घरी फ्रीजचं दार म्हणजे नोटीस बोर्ड. गॅसचा नंबर, दूधवाल्याचा हिशेब, आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे सौ.च्या गोळ्यांचं वेळापत्रक. सकाळची कुठली, जेवणाआधीची कुठली, रात्रीची कुठली. हे सगळं जाहिरातीबरोबर फुकट आलेल्या एका चपट्या चुंबकाखाली लटकत असे. मागच्या वर्षी एके दिवशी तो कागद घसरून फ्रीजखाली गेला. माझ्या लक्षात आलं नाही. “मला सगळं पाठ आहे” या जोरावर मी दोन दिवस गोळ्या दिल्या, आणि रक्तदाबाची रात्रीची गोळी दोन्ही दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी तिला चक्कर आली. डॉक्टरांनी वेळेवर सावरलं. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, त्याच्या घरची नोंद फ्रीजखाली धूळ खात होती. मला फार लागलं ते.

त्याच सुमारास नात सुट्टीत आली होती. तिला घेऊन आम्ही लोहगडवाडीला गेलो. आपल्याकडे पाहुणे आले की लोहगड ठरलेलाच. मी वाडीतच थांबलो, मुलगा आणि नात वर जाऊन आले. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा, वरचं सोळा कोनांचं तळं, सगळं पाहून आले. नातीला मात्र एकच गोष्ट आवडली होती: विंचूकाटा. गडाची ती सुमारे दीड किलोमीटर लांब, चिंचोळी सोंड. पलीकडून पाहिलं तर विंचवाने नांगी पसरल्यासारखी दिसते.

खाली आल्यावर ताक पिताना तिने एका दुकानात फ्रीजवर लावायचे मॅग्नेट पाहिले. गडाचं चित्र होतं, तलवार होती. तिने विचारलं, “मावशी, विंचू नाही का?” मावशी म्हणाल्या, “नाही गं बाळा. हे आम्ही पुण्याच्या बाजारातनं आणतो. इथं कोण करतंय?” परत येताना गाडीत नात म्हणाली, “आजोबा, आजी विणते ना? आपणच करूया. आजीच्या कागदासाठी.”

आजी विणते, हे खरं होतं, पण जुनं. तुमच्यापैकी अनेकींनी तिची तोरणं पाहिली आहेत. आमच्या लग्नात रुखवतात तिचा क्रोशाचा रुमाल, तांब्यावरची झाकणी आणि दारचं तोरण होतं. पुढे रेडिओवर, मग टीव्हीवर, मग टेलिफोनवर तिची कव्हरं चढली. आता संधिवाताने तिचे अंगठे वळत नाहीत. सुई धरली की दहा मिनिटांत हात दुखतो. पन्नास वर्षांची विद्या बोटांत अडकून बसलेली. मग ठरलं, तिने सांगायचं आणि मी विणायचं.

इथे बऱ्याच पुरुष मंडळींना हसू येतंय. येऊ द्या. मलाही आलं होतं. पहिले चार दिवस मी नुसत्या साखळ्या घातल्या. दोरा घट्ट ओढायचो, सुई आतच जाईना. ती शांतपणे म्हणायची, “अहो, उसवा.” मी शेकडो व्हाउचरं लाल शाईने परत पाठवली असतील. त्या सगळ्या क्लार्क मंडळींचे शाप एका आठवड्यात फळले.

पण एक गोष्ट मला लगेच जमली, कारण तो सहाचा पाढा निघाला. गोल विणायचं तर दोऱ्याच्या एका फासात सहा मुके खांब घालायचे. हल्लीच्या मुली त्याला सिंगल क्रोशे म्हणतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढवायचा, म्हणजे अठरा. असे सहा-सहा वाढले तर चकती सपाट राहते. वाढवायला विसरलात तर तिची वाटी होते, जास्त वाढवलेत तर कडेला झालर पडते. चूक झाली की विणकामच दाखवतं, ऑडिटरची वाट पाहावी लागत नाही.

अशा अठरा टाक्यांच्या दोन चकत्या म्हणजे विंचवाचं पोट आणि पाठ. पायांसाठी सहा-सहा साखळ्या घालून त्यांच्यावरूनच सुई परत आणायची. असे आठ पाय. पुढे दोन चिमटे. एवढं करून मी नातीला दाखवलं, तर ती म्हणाली, “आजोबा, हा खेकडा झाला.” खरंच झाला होता. विंचवाचा विंचू होतो तो शेपटीमुळे. पंधरा साखळ्या घालायच्या आणि परत येताना प्रत्येक साखळीत एकाऐवजी दोन मुके खांब भरायचे. टाक्यांना जागा पुरत नाही, म्हणून शेपूट आपोआप वळते. ही युक्ती सौ.ने सांगितली. तोरणाला गोंडे करताना ती हेच करायची.

आता चुंबकाचं. पहिला विंचू मी कापसाने छान गुबगुबीत भरला, मधोमध चुंबक ठेवला, फ्रीजवर लावला, आणि तो कागदासकट हळूहळू खाली सरकत जमिनीवर आला. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते. मध्ये कापसाचा थर आला की संपलं. म्हणून कापूस पाठीकडे भरायचा आणि चुंबक पोटाकडच्या चकतीला अगदी टेकवून शिवायचा, म्हणजे मध्ये दोऱ्याचा एकच थर राहतो. जाहिरातीचे ते चपटे चुंबक म्हणजे रबरात कालवलेली चुंबकीय भुकटी. एखादं कार्ड तोलतील, फार नाही. मी नाण्यासारखा चकचकीत, निओडिमियमचा घेतला. आणि ज्यांच्याकडे काचेच्या दाराचा फ्रीज आहे त्यांनी आधी साधा चुंबक लावून पाहा. काचेवर बहुधा चिकटत नाही.

दोन सूचना मात्र गांभीर्याने घ्या. हे छोटे जोरदार चुंबक लहान मुलांच्या हाती सुटे देऊ नका. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना चिमटीत धरतात, आतड्याला भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. म्हणून चुंबक आधी कापडी पिशवीत शिवायचा, मग विणकामात. नुसता डिंकाने चिकटवायचा नाही. आणि आपल्यापैकी ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी असा चुंबक छातीपासून किमान सहा इंच, म्हणजे वीतभर तरी लांब ठेवावा. शर्टाच्या खिशात टाकू नये. मीही आज पँटच्या खिशातून काढला.

आता मुख्य मुद्दा. हे शिकताना मला एक गोष्ट कळली. स्वेटर विणायला यंत्र आहे, लेस करायला यंत्र आहे, पण खरं क्रोशाकाम करणारं यंत्र अजून बाजारात नाही. मॉलमध्ये क्रोशाचं ससं किंवा मांजर स्वस्तात मिळत असेल, तर तेही कुणाच्या तरी हातांनीच केलेलं असतं. जपानी लोक अशा विणलेल्या बाहुल्यांना अमिगुरुमी म्हणतात, तो प्रकार आता जगभर विकला जातो. पण कुठलाही असो, त्याच्यामागे कुणीतरी तास-दोन तास मान खाली घालून बसलेलं असतं.

मागच्या महिन्यात आपल्या महिला मंडळाच्या स्टॉलवर मी असे सहा विंचू ठेवले होते. एका विंचवाला दोरा, कापूस आणि चुंबक मिळून पंचवीस रुपये लागतात. वेळ अडीच तास. मी किंमत लावली १५० रुपये. एक सद्गृहस्थ म्हणाले, “एवढ्याशा विंचवाचे दीडशे? साठ लावा.” मी बँकेचा माणूस, लगेच आकडेमोड केली. साठातून पंचवीस गेले, राहिले पस्तीस. भागिले अडीच. तासाला चौदा रुपये. मी रागावणार होतो, पण गप्प बसलो, कारण मला एक जुनी फाइल आठवली.

१९८०च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एक बाई क्रोशाची तोरणं करून विकायच्या. दोऱ्यासाठी कर्ज हवं होतं. त्यांनी वहीत खर्च लिहून आणला होता: दोरा इतका, एस.टी.चं भाडं इतकं, आणि खाली मजुरी इतकी. मजुरी धरली की नफा नावालाच उरत होता. कर्ज बसेना. मी काय केलं, मजुरीच्या ओळीवर रेघ मारली. म्हणालो, “बाई, घरच्या घरी करता, त्याची मजुरी कसली?” आकडे जुळले, कर्ज मंजूर झालं. मला वाटलं, आपण केवढं चांगलं काम केलं! त्यांनी काही न बोलता सही केली आणि एकही हप्ता न चुकवता कर्ज फेडलं. पुढे १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. काही वर्षांनी आम्ही अधिकारी गावोगाव गटांच्या बायकांना हिशेब शिकवायला जाऊ लागलो. फळ्यावर रकाने आखायचो: कच्चा माल, भाडं, व्याज. मजुरीचा रकाना तेव्हाही मी आखत नव्हतो.

ती रेघ मारायला मला एक सेकंद लागला होता. तिच्याखाली किती तास होते, हे मला माझा अंगठा दुखायला लागला तेव्हा कळलं. आणि खरं सांगतो, आमच्या घरातही तोच हिशेब होता. टीव्हीवरचं कव्हर मी पंधरा वर्षं पाहिलं. ते करायला किती दिवस लागले, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. परवा विचारलं. म्हणाली, “आठवत नाही. तुम्ही बँकेतून उशिरा यायचात ना, तेव्हा करायचे.”

म्हणून आता माझ्या विंचवाबरोबर एक चिठ्ठी असते. सामान २५ रुपये, वेळ अडीच तास, किंमत १५० रुपये. तासाला पन्नास रुपये पडतात. ज्यांना परवडत नाही त्यांनी जरूर घेऊ नये, पण हिशेब वाचावा. सहापैकी चार विंचू गेले. ते सद्गृहस्थही एक घेऊन गेले, त्यांचं नाव मी सांगणार नाही. ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात आपला लोहगड आहे. पायथ्याच्या दुकानात लोहगडचा विंचू मिळावा आणि तो वाडीतल्याच कुणी केलेला असावा, असं मला वाटतं. त्या ताकवाल्या मावशींना मी एक नमुना देऊन आलो आहे. “शिकवाल का?” असं त्यांनी विचारलंय. सौ. तयार आहे. बोटं माझी, विद्या तिची. पहिल्या दिवशी फळ्यावर मजुरीचा रकाना आधी आखायचा, बाकीचे मग, एवढी अट मी घातली आहे.

आपल्या सोसायटीतही ज्यांना शिकायचं असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळी पाच वाजता क्लब हाउसमध्ये यावं. फी नाही. अडीच मिलिमीटरची सुई आणि सुती दोरा आपापला आणावा. पुरुषांनी अवश्य यावं. उसवायची सवय या वयात चांगली.

आणि हो, आमच्या फ्रीजवर गोळ्यांचा कागद आता विंचवाच्या नांगीखाली आहे. दोन चुंबक घातलेत. नंतर एकदाही पडला नाही.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांचे कागद असेच धरून ठेवले. सोसायटीला मनःपूर्वक शुभेच्छा देतो आणि माझे दोन शब्द संपवतो.