वेरोनाचें रिंगण



महोत्सवाच्या प्रसंगीं इटलींतील एखाद्या प्रसिद्ध देवालयाविषयीं मीं बोलावें, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु ज्या वास्तूनें माझ्या मनाचा ठाव घेतला, तिच्यांत वेदीच नाहीं. ती म्हणजे वेरोना शहरांतील रोमन रिंगण होय.

अदिजे नदीच्या कांठचें हें शहर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत येथें चुनखडकाचें हें लंबवर्तुळाकार प्रेक्षागृह उभारण्यांत आलें. १११७ सालच्या भूकंपानें त्याची बाहेरची भिंत ढांसळली. तिच्या चारच कमानी आज उभ्या आहेत. तथापि आंतील पायऱ्या इतक्या सुस्थितींत आहेत कीं, १९१३ पासून तेथें उन्हाळ्यांत संगीत नाटकें होत आलीं आहेत, व हजारों लोक मध्यरात्रीपर्यंत दगडावर बसून तीं पाहतात. आपल्या झाडीपट्टींतील मंडळींस याचें नवल वाटूं नये! शंकरपट आटोपल्यावर थंडींत पहांटेपर्यंत नाटक पाहणारे आपण. आपणांस दगडाचीही गरज लागत नाहीं.

अशा प्रेक्षागृहास तिकडे ‘अरेना’ म्हणतात. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ वाळू. रक्त शोषलें जावें म्हणून ती जमिनीवर पसरीत. हें ठाऊक असूनही मी खालीं उतरलों, तेव्हां मनांत अभिमानच होता. अशाच एका रिंगणांत, कार्थेज येथें, इ. स. २०३ मध्यें संत पर्पेतुआ व संत फेलिसिता यांनीं आपले प्राण दिले; अशा रक्तसाक्ष्यांचे आपण वारस, असें वाटत होतें.

तो अभिमान फार वेळ टिकला नाहीं. १३ फेब्रुवारी १२७८ रोजीं याच वेरोनाच्या रिंगणांत सुमारें २०० काथार पंथीयांस पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यांत आलें. जाळणारे कोणा रोमन सम्राटाचे शिपाई नव्हते. ते ख्रिस्ताचें नांव घेणारे होते. मी कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिलों; रक्तसाक्ष्यांची प्रार्थना ओठांवर येईना. महोत्सवाच्या दिवशीं हें कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु आपल्या घराचा इतिहास सांगतांना एक खोली कुलूपबंद ठेवणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

१८ मे २०२४ रोजीं पोप फ्रान्सिस त्या रिंगणांत आले होते. त्यांच्यासमोर दोन पुरुष उभे राहिले. एक इस्राएली, त्याचे आईबाप हमासच्या हल्ल्यांत मारले गेले होते. दुसरा पॅलेस्टिनी, त्याचा भाऊ इस्राएली सैनिकांच्या हातून मृत्यु पावला होता. त्या दोघांनीं एकमेकांस आलिंगन दिलें, पोपनींही त्यांस जवळ घेतलें, आणि सारें प्रेक्षागृह उठून उभें राहिलें.

ही हकीकत मीं वाचली तेव्हां वेरोना आठवण्यापूर्वीं मला आपल्याच तालुक्यांतील जांभुळखेड्याचा रस्ता आठवला. १ मे २०१९ रोजीं तेथें भूसुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक असे १६ जण प्राणास मुकले. कोणाचा बाप गेला, कोणाचा भाऊ गेला, हेच शब्द तेव्हां आपल्याकडेही ऐकूं आले होते.