शिट्टी फुंकण्यापूर्वी
(तालुक्यातील शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले आहेत. आपल्यापैकी पुष्कळांना फुटबॉलच्या सामन्यांत पंचाचे काम करावे लागेल. त्या कामातील एका लहानशा परंतु कठीण प्रश्नाविषयी आज बोलावयाचे आहे.

मी नवशिका शिक्षक असताना एका सामन्यात पंच होतो. चढाई करणाऱ्या मुलास प्रतिपक्षाने पाय आडवा घालून पाडले. मी तत्काळ शिट्टी वाजविली. इतक्यात चेंडू त्याच्या सोबत्याकडे गेला आणि त्याने तो गोलात मारला. परंतु शिट्टीबरोबर खेळ थांबला होता. गोल देता येईना. फ्री किक वाया गेली. सामना संपल्यावर तो मुलगा गुडघ्याची धूळ झाडीत मजजवळ आला व म्हणाला, “गुरुजी, पाडले त्यांनी, आणि थांबविले मात्र आम्हांला!”

उत्तर नियमांच्या पुस्तकात होते. मीच ते नीट वाचले नव्हते. पाचव्या नियमानुसार, अपराध घडला तरी खेळ चालू ठेवण्याने निरपराध संघाचा लाभ होत असेल, तर पंचाने खेळ थांबवू नये. हात पुढे पसरून खेळ चालू असल्याची खूण करावी. अपेक्षिलेला लाभ काही क्षणांत पदरी न पडल्यास मूळ अपराधाबद्दल शिट्टी वाजविता येते. खेळाडू ताकीद देण्याजोगा असेल, तर पिवळे कार्ड खेळ थांबताच दाखवावे. अर्थात थांबणे म्हणजे क्षमा करणे नव्हे.

अशी घाई मोठमोठ्या पंचांकडूनही होते. 17 मे 2006 रोजी पॅरिस येथे बार्सिलोना व आर्सेनल यांच्यात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. अठराव्या मिनिटास आर्सेनलचा गोलरक्षक लेमान याने एटो यास पाडले. चेंडू ज्युली याच्याकडे गेला व त्याने तो रिकाम्या गोलात घातला. परंतु नॉर्वेचे पंच हाउगे यांची शिट्टी आधीच वाजली होती. गोल रद्द ठरला आणि लेमान यास लाल कार्ड मिळाले. एका संघाचा गोल गेला, दुसऱ्याला उरलेला सारा सामना दहा खेळाडूंनिशी खेळावा लागला. शेवटी बार्सिलोनाने तो 2–1 असा जिंकला. आपण आणखी काही क्षण थांबावयास हवे होते, म्हणजे गोल देऊन पिवळे कार्ड दाखविता आले असते, असे हाउगे यांनी पुढे स्वतःच मान्य केले. त्यांचा हा प्रामाणिकपणा आपण ध्यानात ठेवावा.

मात्र थांबण्यासही विवेक हवा. चेंडू ताब्यात असणे म्हणजे लाभ नव्हे. आपल्याच गोलाजवळ, चहूंकडून घेरलेल्या मुलास चेंडू मिळाला तर त्याचा उपयोग काय? तेथे फ्री किकच बरी. अपराध किती गंभीर आहे, तो मैदानात कोठे घडला, चढाई सफल होण्याचा संभव किती, आणि मुलांची मने कितपत तापली आहेत, या चार गोष्टी पाहाव्या. आडदांड खेळ वाढू लागला असेल तर शिट्टी लवकर वाजवावी. एखादे मूल जबर दुखावले असेल तर खेळ थांबवून आधी त्याच्याकडे धावावे. मुलापेक्षा गोल मोठा नाही.

माझी आपणांस एवढीच सूचना आहे. शिट्टी ओठांत धरून धावू नये, हातात ठेवावी. ती ओठांपर्यंत नेण्यास जो क्षण लागतो, तेवढ्यात चेंडू कोठे चालला आहे हे दिसते. आणि सामन्यापूर्वी मुलांना गोळा करून हा नियम दोन वाक्यांत समजावून सांगावा. नाहीतर आपले मौन त्यांना पक्षपात वाटेल.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, “चूक माझी झाली.” गोल त्याला परत मिळाला नाही, पण पुढच्या सामन्यात पंच म्हणून मीच असावे, असा हट्ट त्यानेच धरला.