अंगावर काढू नका, पिशवीही घाईनं काढू नका

(मंडळाच्या गणेशोत्सवात महिला शाखेच्या आग्रहावरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय फलकावर लागला तेव्हा दोन प्रश्न माझ्या कानावर आले. गणपतीसमोर हा विषय कशाला, आणि तो पुरुषानं का बोलायचा? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. मी डॉक्टर नाही. फार्मसीचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत औषधाच्या खिडकीत बसणारा माणूस आहे. बायकांच्या ओटीपोटाच्या दुखण्याची गोळी न्यायला त्या खिडकीवर पुष्कळदा ती बाई येत नाही; जुनी चिठ्ठी घेऊन नवरा येतो, नाहीतर मुलगा. ‘मागच्या वेळी दिली तीच द्या.’ कुठं दुखतं, कधीपासून, पाळीतच की एरवीही, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. म्हणून आजचं बोलणं निम्मं पुरुषांसाठी आहे.

आता पहिला प्रश्न. गौरी येतात त्या आठवड्यात पाळी पुढं ढकलण्याच्या गोळ्या किती खपतात, हे कोणत्याही मेडिकलवाल्याला विचारा. म्हणजे विषय आपल्या गणपतीत आहेच, फक्त तो कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, लिव्हरचा त्रास आहे, अर्धशिशी आहे, त्यांनी तर मुळीच नाही.

आपल्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे, ‘दुखणं अंगावर काढणं’. तो कौतुकानंही वापरतात. ‘सासूबाईंनी कधी कुरकूर केली नाही, सगळं अंगावर काढलं.’ त्याची किंमत किती, हे एका मराठी डॉक्टर बाईंनी मोजून दाखवलं. गडचिरोली जिल्हा आपल्या तेलंगणाला लागूनच आहे; सिरोंच्याहून नदी ओलांडली की आपलं राज्य. तिथं डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असो वा नसो, सर्वांना तपासलं. 1989 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगापैकी काही ना काही होतं, आणि एकेकीला सरासरी तीनहून अधिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. तोवर सरकारी आरोग्य योजनांमध्ये बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलेलं असे. या आकड्यांनी जगाला विचार करायला लावला.

तुम्ही म्हणाल, ते खेड्यातलं, जुनं. आपण पिढ्यान् पिढ्या हैदराबादेत राहिलेले, शिकलेले. पण शिकलेल्या घरातली बाईसुद्धा डॉक्टरांसमोर ‘कंबर दुखते’ म्हणते आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी येते. शेजारी मुलगा बसलेला असतो, त्याच्यासमोर ती अंगावरून पांढरं जातं हे कसं सांगणार? शिवाय भाषेची अडचण. ‘ओटीपोट’ हा आपला शब्द इथल्या डॉक्टरांना कळत नाही. तेलुगूत त्याला ‘पोत्तिकडुपु’ म्हणतात, उर्दू-हिंदीत ‘पेडू’. हे दोन शब्द घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना आजच सांगून ठेवा. ‘पोट दुखतं’ म्हटलं की अ‍ॅसिडिटीची गोळी मिळते, ‘पेडूमध्ये’ म्हटलं की तपासणीची दिशा बदलते.

कारण बेंबीच्या खाली थोड्याशा जागेत बरंच काही दाटीनं बसलेलं आहे. गर्भपिशवी, दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि बीजकोश, पुढं लघवीची पिशवी, मागं आतडं, खाली या सगळ्यांना पेलणारे स्नायू. दुखणं यातल्या कशाचंही असू शकतं. लघवीला जळजळ आणि वारंवार जावं लागणं असेल तर जंतुसंसर्ग किंवा खडा. उजव्या बाजूला असेल तर अपेंडिक्सही. पाळी जड जाते, पोट भरल्यासारखं वाटतं, तर फायब्रॉइडच्या गाठी असू शकतात. ताप, घाण वासाचा स्राव, संबंधाच्या वेळी दुखणं ही नळ्यांच्या संसर्गाची लक्षणं, आणि तो वेळेवर बरा केला नाही तर पुढं मूल होण्यात अडचण येते. त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागू शकतं. खिडकीवर त्याचं पाकीट हातात ठेवलं की पुष्कळांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आपल्या देशात गर्भपिशवीचा आणि नळ्यांचा क्षयही आढळतो. त्याला खोकला नसतो, म्हणून तो मनात येत नाही.

एका आजाराबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तो शाळकरी मुलींपासून सुरू होतो. एंडोमेट्रिऑसिस. पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा पापुद्रा पिशवीच्या बाहेर वाढतो, आणि सूज, चिकटणं, वेदना सुरू होतात. जगात पाळीच्या वयातल्या साधारण दहापैकी एका स्त्रीला तो असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि निदान व्हायला कित्येक वर्षं जातात. का जातात? ‘पाळीत दुखायचंच, लग्न झालं की थांबेल’ असं आई सांगते, आजीही सांगते. थोडं दुखणं सगळ्यांना असतं, हे खरं. पण मुलगी दर महिन्याला कॉलेज बुडवून कुशीवर पडत असेल तर ते थोडं नाही. सोनोग्राफी साफ आली म्हणून तिचं दुखणं खोटं ठरत नाही; सुरुवातीला हा आजार सोनोग्राफीत दिसेलच असं नाही.

आणि गोळी? पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक अ‍ॅसिड असलेली गोळी घरोघरी असते. दोन दिवस घेतली तर बिघडत नाही. महिनोन् महिने घेतली तर जठर आणि किडनी यांना त्रास. 2023 च्या शेवटी भारतीय औषधसंहिता आयोगानं या औषधानं क्वचित होणाऱ्या गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल सूचनाही काढली. गोळी घेतल्यानंतर ताप आणि अंगावर पुरळ आलं तर ती बंद करून दवाखाना गाठा.

आता दुसरं टोक. वर्षानुवर्षं अंगावर काढून झालं की एक दिवस कंटाळून बाई म्हणते, ‘काढून टाका ती पिशवी, मुलं झालीत आता.’ आपल्या तेलंगणात आणि आंध्रात हे प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात 15 ते 49 वयाच्या सुमारे 3 टक्के स्त्रियांची पिशवी काढलेली होती, तेलंगणात सुमारे 8 टक्के. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं प्रकरण आपण वाचलंच असेल. 2019 मध्ये सरकारी समितीपुढं आलेल्या पाहणीत 82 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी गेलेली होती. पाळीमुळं मजुरी बुडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, ही त्यामागची एक मोठी गरज होती. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणायला राज्यांना सांगितलं.

कॅन्सर असेल, रक्तस्राव कशानंही थांबत नसेल, तर ऑपरेशन हवंच. त्याला घाबरू नये. पण दुखणं लघवीच्या पिशवीचं किंवा आतड्याचं असेल तर गर्भपिशवी काढून ते थांबणार नाही. सोबत बीजकोशही काढले तर तरुणपणीच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: निदान काय झालं? औषधानं बघता येईल का? बीजकोश राहणार का? आणि दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घ्या. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. राग आला तर तेही एक उत्तरच समजा.

जाण्याआधी एक काम करा. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर आपण दुधाचा हिशोब लिहितो, तिथंच पाळीची तारीख, दुखण्याचे दिवस आणि घेतलेली गोळी लिहा. दोन-तीन महिन्यांची पानं डॉक्टरांपुढं ठेवली की अर्धं काम होतं. मात्र दुखणं जास्त असेल तर पानं भरायची वाट बघत बसू नका. सोबत मुलाऐवजी सून, मुलगी किंवा मैत्रीण न्या. नवऱ्यानं जरूर जावं, पण डॉक्टर बाहेर थांबा म्हणाले की थांबावं.

काही वेळा तर सकाळचीही वाट बघायची नाही. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली तर आत रक्तस्राव होऊन तासाभरात जीव जाऊ शकतो. एकदम असह्य कळ आणि उलट्या असतील तर बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो. गरोदरपणातली कळ, तापासह दुखणं, लघवी अडणं यांतही थांबायचं नाही. 108 नंबर फिरवा. ती सेवा 2005 मध्ये आपल्याच हैदराबादेत सुरू झाली. पाळी गेल्यानंतर एक डाग जरी दिसला, किंवा काही आठवडे पोट फुगलेलं राहून चार घासांत भरू लागलं, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

खर्चाचं म्हणाल तर सुलतान बाजारचं सरकारी प्रसूती रुग्णालय आपल्यापैकी कित्येकांचं जन्मस्थान आहे. तिथं फक्त बाळंतपणच होतं हा समज काढून टाका. पेटला बुर्ज आहे, गांधी, उस्मानिया आहे. मार्च 2023 मध्ये राज्य सरकारनं ‘आरोग्य महिला’ हा कार्यक्रम सुरू केला, त्यात निवडक केंद्रांवर मंगळवारी फक्त स्त्रियांची तपासणी ठेवली. आपल्या भागातल्या बस्ती दवाखान्यात किंवा आशाताईंकडे जवळच्या केंद्राची चौकशी करा. तेलुगू येत नाही म्हणून कुणाचं अडत असेल तर महिला शाखेकडे नाव द्या, सोबत येणाऱ्या दोन-तीन भगिनी शाखेनं आजच ठरवल्या आहेत.