आजार एकच, घरे वेगवेगळी
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी असला विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर 300 माणसांत सुमारे एकाला छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टर ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात तो आजार असतो. तेव्हा आपल्या पेठेतही तो कुणाच्या तरी घरी असणारच.

कुणी बोलत नसता आवाज ऐकू येणे, घरचेच जिवावर उठले आहेत असे वाटणे, ही लक्षणे बंगल्यात आणि झोपडीत सारखीच. पुढे त्या माणसाचे दिवस कसे जातात, हे मात्र घरावर पुष्कळ अवलंबून असते. कृष्णाकाठच्या बागायतदाराचा मुलगा आजारी पडला, तर दवाखान्यात न्यायला गाडी असते. बरे वाटू लागले की तो मळ्यात चार कामे करतो, आणि त्याचे निभावते. तेच आटपाडी-जतकडे पाहा. कर्ती माणसे गलाईच्या धंद्याने परमुलखात, नाहीतर ऊसतोडीला. मागे आजारी मुलगा आणि म्हातारी आई. सरकारची चार जुनी मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्यांतले एकही नाही. गोळ्या आणायच्या तर एस.टी.चे भाडे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. मग गोळ्या सुटतात, आणि लोक म्हणतात, औषधाचा गुणच येत नाही!

त्यातही बाईची गत निराळी. आजारी मुलाचे लग्न लावून देतात, 'ताळ्यावर येईल' म्हणून. सून आजारी पडली की तिला माहेरी पोचवतात. माहेरी भावजयीचा संसार. तिथे तिला दोन वेळचे जेवण मिळते, पण हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही, कामाला कुणी घेत नाही. गोळीने आवाज थांबतील. हे कसे थांबणार?

याविषयी आपल्याच साताऱ्यात एक प्रयोग झाला आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम या तीन ठिकाणी मिळून 282 रुग्ण त्यात होते. निष्कर्ष 2014 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काहींना नेहमीप्रमाणे दवाखान्यातले उपचार दिले. बाकीच्यांकडे त्याखेरीज स्थानिक कार्यकर्ते वर्षभर घरी जात. हे डॉक्टर नव्हते. गोळ्या चालू आहेत ना, घरच्यांच्या शंका काय, काही काम जमेल का, हे ते पाहत. या दुसऱ्या गटाची लक्षणे आणि परावलंबन थोडे अधिक कमी झाले. चमत्कार नव्हे, थोडेच. आणि तो फरक ठळक दिसला कांचीपुरमच्या खेड्यांत. दवाखाना जितका लांब, तितकी घरी येणाऱ्या माणसाची किंमत अधिक, असा त्याचा अर्थ मी लावते.

'टेलि-मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक 2022 पासून चालू आहे. त्यावर मराठीत बोलता येते. तो आपल्या फळ्यावर लिहावा. हळदीकुंकवाचे बोलावणे एकही घर न वगळता जावे. आणि उन्हाळ्यात पापडाचे काम निघेल तेव्हा अशा बहिणींना बोलवावे, झेपेल तेवढे काम द्यावे आणि मजुरी इतरांच्याच दराने द्यावी, असा ठराव मी आज सभेपुढे मांडते.