विमानतळ ते मुक्काम : भोपाळच्या पंधरा किलोमीटरांचा धडा

(व्याख्यानाचा मजकूर)



घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या खोलीपर्यंतचा सर्व मार्ग म्हणजे प्रवास होय. त्यातील आगगाडीचा, एस.टी.चा किंवा विमानाचा टप्पा कितीही सुखाचा झाला, तरी शेवटची काही मैलांची वाट अवघड असेल, तर प्रवाशाच्या मनात तीच राहते. ग्रामीण भागातील माणसाला हे सांगावयास नको. तालुक्याच्या गावापर्यंत एस.टी. वेळेवर पोहोचते, परंतु तेथून आपल्या वाडीपर्यंत जावयाचे कसे, हा खरा प्रश्न असतो. विमानाने जाणाऱ्या प्रवाशाचा प्रश्नही याहून वेगळा नाही. विमानतळावरून शहरातील निवासी हॉटेलापर्यंत सार्वजनिक वाहनाने कसे जावे, हा विषय वरवर लहान दिसतो. पण सार्वजनिक वाहतूक कोणासाठी व कशासाठी असते, हा मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे. भोपाळ शहराच्या उदाहरणावरून तो समजून घेता येईल.

विमानप्रवास आणि सामान्य माणूस

एके काळी विमानाने जाणारा माणूस मोटार असणाराच असावयाचा. त्यामुळे विमानतळाच्या दाराशी बस असावी, असे कोणास वाटले नाही. ही स्थिती आता पालटली आहे. केंद्र शासनाच्या 'उडान' योजनेतील पहिले विमान एप्रिल २०१७ मध्ये सुटले. या योजनेमुळे नांदेड, जळगाव, कोल्हापूर आणि नाशिक ही महाराष्ट्रातील शहरे लहान पल्ल्याच्या विमानसेवेने जोडली गेली. मार्ग तोट्यात जाऊ नये, म्हणून विमान कंपनीला जे साहाय्य दिले जाते, त्यात राज्य शासनांचाही वाटा असतो. याचा अर्थ असा की, आकाशातील आसनासाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो. मग जमिनीवर उतरल्यानंतरच्या पंधरा किलोमीटरांत त्याच प्रवाशाला वाऱ्यावर सोडावयाचे काय? आजारी नातेवाइकाला घेऊन जाणारा शेतकरी, प्रशिक्षणाला निघालेली शिक्षिका, मुलाखतीला जाणारा पदवीधर हे आजचे विमानप्रवासी आहेत. तिकिटासाठी त्यांनी पै-पै जमविलेली असते. शेवटच्या टप्प्यावर टॅक्सीला द्यावे लागणारे भाडे त्यांच्या हिशेबात बहुधा नसते.

महाराष्ट्र आणि भोपाळ

भोपाळशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूरचे राजधानीपद गेले आणि भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. त्या वेळी नागपूरच्या कचेऱ्यांतील अनेक मराठी कर्मचारी आपल्या कुटुंबांसह भोपाळला गेले व तेथेच स्थायिक झाले. त्यांच्या आप्तस्वकीयांचे येणे-जाणे आजही चालू असते.

शिक्षकांच्या दृष्टीने तर हे शहर विशेष परिचयाचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पश्चिम विभागासाठी असलेली प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळच्या श्यामला हिल्सवर आहे. महाराष्ट्र आणि गोवा तिच्याच कार्यक्षेत्रात येतात. तंत्रनिकेतनांतील अध्यापकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्थाही १९६५ पासून भोपाळमध्ये असून तिचे आवारही त्याच टेकडीवर आहे. शेतीची अवजारे व यंत्रे यांवर संशोधन करणारी केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था याच शहरात आहे. वनाधिकाऱ्यांना परिचित असलेली भारतीय वन व्यवस्थापन संस्थाही येथेच आहे. तेव्हा महाराष्ट्रातील शिक्षक, अधिकारी व शेतकरी यांना भोपाळला जाण्याचा योग केव्हा ना केव्हा येतोच.

विमानतळापासून लालघाटीपर्यंत

भोपाळचे विमानतळ शहराच्या वायव्येस, मध्यवस्तीपासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर, गांधीनगर परिसरात आहे. अकराव्या शतकात होऊन गेलेल्या परमार राजा भोज याचे नाव त्याला दिलेले असून सध्याची टर्मिनल इमारत २०११ मध्ये वापरात आली. विमानतळाकडून शहराकडे येणारा रस्ता लालघाटी नावाच्या चौकात उतरतो. हा चौक प्रवाशाने ध्यानात ठेवावा. कारण पुढचा सारा मार्ग येथेच ठरतो.

लालघाटीहून एक रस्ता पश्चिमेस बैरागढकडे व पुढे सिहोर आणि इंदूरकडे जातो. दुसरा जुन्या शहराच्या बाजूने हमीदिया रोडकडे व भोपाळ रेल्वे स्थानकाकडे जातो. माफक दराची निवासी हॉटेले व लॉज याच परिसरात अधिक आहेत आणि नादरा बसस्थानकही तेथेच आहे. तिसरा रस्ता मोठ्या तलावाच्या काठाने कमला पार्ककडे येतो. तेथून पॉलिटेक्निक चौक, श्यामला हिल्स, रोशनपुरा व न्यू मार्केट ही ठिकाणे जवळ पडतात. मध्य प्रदेश पर्यटन विकास महामंडळाचे 'पलाश' हे निवासी हॉटेल न्यू मार्केटच्या परिसरात आहे. महाराणा प्रताप नगर व राणी कमलापती स्थानक मात्र याच्याही पुढे आहेत.

शहरातील बसगाड्या, मिनीबस आणि रिक्षा यांचे मार्ग व वेळा वेळोवेळी बदलत असतात. म्हणून प्रवाशाने एकच क्रम पाळावा. विमानतळावरील चौकशी खिडकीवर शहर बसची विचारणा प्रथम करावी. बस लवकर मिळण्यासारखी नसेल, तर रिक्षाने थेट हॉटेलापर्यंत जाण्याऐवजी लालघाटीपर्यंत यावे. शहराकडे जाणारी सार्वजनिक वाहने तेथे अधिक संख्येने मिळतात. रिक्षाचे लांबचे भाडे त्यामुळे निम्म्यावर तुटते. सामान फार असेल, बरोबर वृद्ध किंवा आजारी माणूस असेल किंवा रात्र झाली असेल, तर मात्र काटकसरीचा हट्ट धरू नये. भाडे आधी ठरवून सरळ वाहन करावे.

एका ठिकाणाची दोन नावे

परगावच्या माणसाची खरी फसगत अंतरामुळे होत नाही, नावांमुळे होते. भोपाळमध्ये अनेक ठिकाणांना दोन-दोन नावे आहेत. फलकावर एक नाव असते आणि वाहकाच्या तोंडी दुसरे असते. हबीबगंज रेल्वे स्थानकाचे नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती असे झाले. बैरागढचे अधिकृत नाव संत हिरदाराम नगर आहे. मोठ्या तलावाला भोजताल म्हणतात. होशंगाबाद शहराचे नर्मदापुरम झाले, तरी त्या दिशेचा रस्ता अनेकांच्या तोंडी अजून होशंगाबाद रोडच आहे.

आद्याक्षरांचा घोटाळा आणखी निराळा. एम.पी. नगर म्हणजे मध्य प्रदेश नगर नव्हे. ते महाराणा प्रताप नगर होय. टी.टी. नगर ही अक्षरे पाहून मराठी प्रवाशाला काहीच बोध होत नाही. परंतु ते तात्या टोपे नगर आहे, हे कळताच परक्या शहरात ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा हा सुपुत्र १८५७ च्या संग्रामात मध्य भारतात लढला आणि १८५९ मध्ये शिवपुरी येथे फासावर गेला. मुक्कामाच्या ठिकाणाची जुनी व नवी दोन्ही नावे देवनागरीत चिठ्ठीवर लिहून ती खिशात ठेवावी. एवढ्या साध्या खबरदारीने अर्धे कष्ट वाचतात. चौराहा म्हणजे चौक आणि तिराहा म्हणजे तिठा, एवढे दोन शब्द ठाऊक असले म्हणजे वाटही विचारता येते.

मार्गिका आली आणि गेली

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळणे इष्ट होईल. भोपाळमध्ये २०१३ साली बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. मिसरोदपासून बैरागढपर्यंत सुमारे २४ किलोमीटरांची ही योजना होती. रस्त्याच्या मधोमध कठडे घालून बसची वाट वेगळी केली होती व थांबेही मध्यभागीच होते. कल्पना चांगली होती. इतर वाहने कोंडीत अडकली, तरी पन्नास माणसांना नेणारी बस अडकू नये, हा तिच्यामागील न्याय्य विचार होता.

परंतु विमानतळाच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ही मार्गिका लालघाटीपर्यंत येऊन बैरागढकडे वळत होती. विमानतळाचा रस्ता त्याच चौकातून दुसरीकडे फुटतो. म्हणजे शहरातील सर्वांत मोठी बसयोजना विमानतळाच्या वाटेपर्यंत आली आणि तेथून बाजूला गेली. बैरागढची दाट वस्ती पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे. तथापि उरलेला दुवा नियमित बसने सांधला गेला असता, तर विमानातून उतरलेला प्रवासी थेट त्या मार्गिकेवर आला असता.

पुढे मार्गिकेविषयी लोकांची नाराजी वाढली. बाजूच्या रस्त्यावर कोंडी होई, मार्गिका मात्र बराच वेळ मोकळी दिसे. मधल्या थांब्यावर जाण्यासाठी प्रवाशाला रहदारीतून रस्ता ओलांडावा लागे. शेवटी ती काढून टाकण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२४ पासून कठडे हटविण्याचे काम सुरू झाले. दहा वर्षांपूर्वी जे उभारले, तेच सार्वजनिक खर्चाने काढावे लागले.

यातून बसची वाट वेगळी असू नये, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. धडा निराळाच आहे. रस्ता बांधणे म्हणजे सेवा देणे नव्हे. पुरेशा गाड्या, ठरलेल्या वेळा, सुरक्षित थांबा आणि एका वाहनातून दुसऱ्यात सहज जाण्याची सोय ही चार अंगे जुळली, तरच मार्गिकेला अर्थ येतो. मोकळी मार्गिका पाहून मोटारवाल्याला राग येतो; भरलेली बस दर पाच मिनिटांनी जाताना दिसली, तर त्याचीही समजूत पटते.

डिसेंबर २०२५ मध्ये भोपाळ मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. सुभाष नगर ते एम्स हा सुमारे सात किलोमीटरांचा मार्ग असून त्यावर आठ स्थानके आहेत. महाराणा प्रताप नगर व राणी कमलापती ही स्थानके त्यावर येत असल्याने शहरात पोहोचलेल्या प्रवाशाला, विशेषतः एम्स रुग्णालयात जाणाऱ्याला, तिचा उपयोग होतो. विमानतळापर्यंत मात्र हा टप्पा येत नाही. म्हणून पहिल्या पंधरा किलोमीटरांसाठी बसचे महत्त्व कायम आहे.

महाराष्ट्राने घ्यावयाचा बोध

परराज्याचे दोष दाखवून थांबणे योग्य नव्हे. महाराष्ट्राला एस.टी.चा मोठा वारसा आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. निघाली, तेव्हापासून गाव तेथे बस ही अपेक्षा मराठी माणसाच्या अंगवळणी पडली. मध्य प्रदेशात राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला आणि प्रवासी खाजगी गाड्यांवर अवलंबून राहिला. नवी सार्वजनिक बससेवा उभारण्यास तेथील मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. मोडलेली व्यवस्था पुन्हा उभी करण्याचा विचार होण्यास वीस वर्षे लागली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

नागपुरात २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली व वर्धा मार्गावरील एका स्थानकास एअरपोर्ट हे नाव मिळाले. पण ते स्थानक टर्मिनलच्या दाराशी नाही. मधले अंतर दुसऱ्या वाहनाने तोडावे लागते. दुवा थोडा आहे, तरी तो दुवाच आहे. मुंबईत ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी मेट्रोची स्थानके विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांसाठी ठेवली आहेत. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर भुयारी रेल्वे १९७७ मध्येच पोहोचली. प्रत्येक शहराला एवढा खर्च झेपणार नाही. परंतु विमानाच्या वेळांशी जुळणारी बस ठेवावयास भुयार खोदावे लागत नाही.

प्रत्येकाचे कर्तव्य

अधिकाऱ्यांनी येथे एक साधी कसोटी लावावी. आगमनाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या अनोळखी माणसाला, कोणालाही न विचारता, पुढील बस कोठून, केव्हा व किती भाड्यात मिळेल हे समजते काय? समजत नसेल, तर कोट्यवधींची इमारत असूनही तिच्या दाराशी एका फलकाची उणीव आहे. हा फलक स्थानिक भाषेत असावा, त्यावर ठिकाणांची जुनी-नवी नावे असावीत आणि मार्ग बदलताच तोही बदलावा.

शिक्षकांनी वर्गात नकाशा शिकविताना नद्या-पर्वतांबरोबर एखाद्या शहरातील बसचा मार्ग आखावयास सांगावे. नकाशावरून वाट काढता येणारे मूल मोठेपणी परमुलखात गोंधळत नाही. प्रशिक्षणासाठी बोलावणाऱ्या संस्थांनीही निमंत्रणपत्रात केवळ पत्ता न देता विमानतळ व रेल्वे स्थानक येथून सार्वजनिक वाहनाने येण्याची वाट लिहावी.

ग्रामस्थांनी संकोच सोडावा. बसची चौकशी करणे यात कमीपणा नाही. विमानाने आलेला माणूस बसने गेला, तर त्याची प्रतिष्ठा उणावत नाही. उलट दहा प्रवाशांनी रोज बस मागितली, तर ती सुरू करावी लागते. कोणीच मागितली नाही, तर मागणी नाही म्हणून असलेलीही बंद पडते.

विमान कितीही उंच उडाले, तरी प्रवाशाला अखेर जमिनीवरच उतरावयाचे असते. तेथे त्याचे स्वागत माफक भाड्याच्या, वेळेवर सुटणाऱ्या बसने झाले, तर नव्या शहराविषयी त्याच्या मनात पहिल्याच क्षणी विश्वास निर्माण होतो. हा विश्वास निर्माण करणे हेच सार्वजनिक सेवेचे काम होय.