प्राध्यापक आंबेडकरांच्या नांवाची शिष्यवृत्ति
(आगरदांडा येथें शिष्यवृत्ति-निधीसाठीं भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नांवें आपल्या गांवीं एक शिष्यवृत्ति व एक पारितोषिक ठेवावें, यासाठीं आपण येथें जमलों आहों. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सारें जग ओळखतें. पण १९१८ च्या नोव्हेंबरांत ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. आरंभीं विद्यार्थ्यांनीं त्यांना मोजलें नाहीं. पुढें दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांचीं व्याख्यानें ऐकावयास येऊं लागले. आणि त्याच ठिकाणीं, प्राध्यापकांसाठीं ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनीं हात लावूं नये, अशी हरकत कांहीं सहकाऱ्यांनीं घेतली! पगारांतून पैसा शिल्लक टाकून १९२० सालीं ते अपुरा अभ्यास पुरा करण्यास लंडनला गेले. अशा प्राध्यापकाचें स्मारक करावयाचें तें कसें, एवढाच आजचा प्रश्न आहे.

एक सूचना अशी आली आहे कीं, परीक्षेंत सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्यास ही शिष्यवृत्ति द्यावी. सूचना चांगल्या मनानें आलेली आहे, यांत शंका नाहीं. परंतु १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले तेव्हां त्यांना ७५० पैकीं २८२ गुण होते. आपल्या ह्या नियमानें त्यांना काय मिळालें असतें? कांहीं नाहीं! ज्यांचें नांव शिष्यवृत्तीला द्यावयाचें, त्यांनाच ती नाकारणारा नियम आपण करणार काय?

त्या मुलाला हेरलें तें कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनीं. त्यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्याच्या हातीं दिलें, आणि पुढें पैशावांचून शिक्षण अडलें तेव्हां त्याला सयाजीराव महाराजांपुढें नेऊन उभें केलें. महाराजांनीं प्रश्न विचारले, मुलाच्या उत्तरांनीं त्यांचें समाधान झालें, आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. १९१३ सालीं अमेरिकेच्या शिक्षणासाठीं त्यांनींच तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड दिले. म्हणजे मुलाला पाहणारा एक माणूस आणि त्याच्या पाठीशीं उभा राहणारा एक दाता, एवढ्यावर हें सारें घडलें.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच मांडलें होतें. निव्वळ चढाओढीनें शिष्यवृत्त्या वांटणें तत्त्वतः न्यायाचें दिसलें तरी त्यामुळें मागें राहिलेल्या वर्गांत विद्येचा प्रसार होत नाहीं; म्हणून कांहीं शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठीं राखाव्या, असा त्यांचा आग्रह होता.

कोणी म्हणेल, मग हुशारीला किंमत नाहीं काय? आहे. पण ज्या घरीं शिकवणी आहे त्या घरचा मुलगा, आणि जी पहांटे आईबरोबर मासळीची पाटी उचलते व मग शाळेस जाते ती मुलगी, या दोघांच्या गुणपत्रिका एकाच तराजूंत घालणें ही हुशारीची पारख नव्हे.

आतां आपल्या खाडीकांठची गोष्ट पहा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरांत येणें शून्य. आणि कॉलेजचे प्रवेश व फी यांचे दिवस नेमके तेच! अशा वेळीं हात आंखडून डिसेंबरांत हारतुऱ्यांसह पाकीट दिलें तर काय उपयोग? बैल गेला आणि झोंपा केला, असें व्हावयाचें.

म्हणून माझ्या सूचना अशा. एक, उत्तीर्ण होणें एवढीच गुणांची अट असावी. पुढची निवड गरज व शिकण्याची तळमळ पाहून व्हावी. दुसरी, पैसा जूनच्या पहिल्या आठवड्यांत हातीं पडावा. तिसरी, एकदां दिलेली शिष्यवृत्ति शिक्षण पुरें होईपर्यंत चालू ठेवावी. थोड्यांना द्या, पण वाटेंत सोडूं नका. चौथी, अर्जाची वाट पाहूं नये. समितीनें केळुसकर गुरुजींप्रमाणें स्वतः घरोघर जावें. पांचवी, निधीचा पैन्-पैचा हिशेब दर वर्षीं चावडीवर लावावा.

राहिलें पारितोषिक. तें पाठांतराला किंवा स्तुतिपर निबंधाला देऊं नये. ‘रुपयाचा प्रश्न’ हा १९२३ सालीं प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाच्या नांवाचें तें आहे. आपल्या जेटीवर मासळी काय भावानें जाते, मुंबईस काय भावानें विकली जाते, मधला पैसा कोठें राहतो, याचा वर्षभर आंकडे जमवून जो विद्यार्थी अभ्यास करील त्याला तें द्यावें. विभूतिपूजा त्यांना मान्य नव्हती, हें त्यांनीं १९४३ सालीं पुण्यास रानड्यांवरील भाषणांत स्पष्ट सांगितलें होतें. त्यांच्या तसबिरीपुढें हात जोडण्यापेक्षां त्यांच्यासारखे आंकडे विचारावयास शिकलेला एक मुलगा, एक मुलगी या गांवांतून निघाली, तर तें स्मारक खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानेंही झिजणार नाहीं.

येत्या जूनला किती दिवस उरले आहेत तें प्रत्येकानें मोजावें आणि उठण्यापूर्वीं आपला आंकडा वहींत लिहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.